झोळीतली बिगोनिया

कासार आंबोलीत हवालदार जयसिंगराव ढमाल्यांच्या राहत्या घराला एकच खिडकी होती. परसातल्या बिगोनियांच्या घराला बावीस होत्या.

राहत्या घराची ती एकुलती एक खिडकी माजघरात, आणि तिच्यातून दिसायचं काय, तर परसातल्या बावीस खिडक्या. स्वैपाकघराला खिडकी नव्हतीच. तिथल्या काळोखात तुळजाबाई, म्हणजे हवालदारांची कारभारीण, तीस वर्षं भाकऱ्या थापत आली होती. भाकरी करपली हे तिला वासावरून कळायचं आणि कालवणात मीठ जास्त झालं हे हवालदारांच्या आवाजावरून.

बाकी हवालदार शिस्तीचे गृहस्थ. एकवीस वर्षं पलटणीत काढलेली. मोठ्या लढाईत इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. पण त्याबद्दल कुणी विचारलं की "तितं लई माश्या," एवढंच सांगून गाडी बिगोनियांवर आणायचे. नोकरीची शेवटची वर्षं खडकीला एका साहेबाच्या बंगल्यावर गेली. त्या साहेबाला बिगोनिया या विलायती फुलझाडांचं वेड होतं. वेड हा काही वेळा साथीचा रोग असतो. साहेब पुढं बरा होऊन विलायतेला गेला आणि जाताना आठ कंदांची पेटी हवालदारांच्या हवाली करून गेला.

सुरणाच्या पिलांसारखे दिसणारे ते कंद तुळजाबाईनं पहिल्याच दिवशी चिंचेच्या पाण्यात उकडायला काढले होते. हवालदार वेळेवर आत आले, म्हणून पुढची गोष्ट घडली.

काचघराच्या खिडक्या पलटणीच्या एका पाडलेल्या दवाखान्याच्या. लिलावात घेतल्या, गाडीत गवत घालून आणल्या आणि हवालदारांनी त्या एकीला एक जोडून चार भिंती आणि छप्पर उभं केलं. दोन खिडक्या सारख्या मापाच्या नव्हत्या. एका तावदानावर 'येथे थुंकू नये' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि बिगोनियांनी तो नियम कसोशीनं पाळला. चैत्र-वैशाखात ऊन लागू नये म्हणून काचांना चुना फासायचा, आषाढात पावसानं तो आपोआप धुतला जायचा. आषाढ-श्रावणात मुळशीचा पाऊस पंधरा-पंधरा दिवस सूर्य दाखवत नाही, तेव्हा गावात कोरडी आणि उजेडाची जागा म्हणून एवढीच. तुळजाबाई सरपण वाळवायला तिथं गेली की हवालदार म्हणायचे, "धक्का लागंल."

धक्का हाच खरा वैरी. बिगोनियाचं मोठं फूल म्हणजे घरजावई. वरून रुबाब मोठा, पण जरा कुठं धक्का लागला की मुळूमुळू रडायचं नाही, कोमेजायचं नाही, सरळ देठ सोडून खाली.

आणि पुण्याचा रस्ता म्हणजे धक्क्यांचा बाजार. कॅम्पाच्या अंगाला दर भाद्रपदात फुलझाडांचं प्रदर्शन भरायचं. गोऱ्या साहेबांची आणि हौशी मंडळींची एक कमिटी ते भरवायची. उत्तम बिगोनियाला चांदीचा पेला. हा पेला गेली सहा वर्षं कर्नल विगिन्स नावाच्या म्हाताऱ्या साहेबाच्या दिवाणखान्यात मुक्काम करून होता. प्रदर्शनाला तो हवापालट म्हणून यायचा आणि त्याच मोटारीनं परत जायचा. हवालदारांनी पहिल्या वर्षी फूल नेलं, ते भूगावच्या ओढ्यात गळलं. दुसऱ्या वर्षी लकडी पुलावर गळलं. या चालीनं तिसऱ्या वर्षी ते प्रदर्शनाच्या तंबूपर्यंत पोचायला हरकत नव्हती, असं हवालदारांचं म्हणणं.

तुळजाबाईचं म्हणणं वेगळं होतं. लकडी पुलावरून फूल गळालेली कुंडी घेऊन हवालदार परत आले, त्या दिवशी तिनं कंबरेला पदर खोचला.

"अवं, देवानं उजेड केला त्यो समद्यांसाठी केला. तुमी त्यो बावीस खिडक्यात कोंडून झाडापुढं ठिवलाय. माझ्या चुलीपुढं मला माझा हात दिसत न्हाई."

"आजून एक साल," हवालदार म्हणाले.

"आन् मग?"

हवालदारांनी देव्हाऱ्यातल्या खंडोबापुढं बेलभंडार उचलला. पेला आला, तर काचघराबद्दल तुळजाबाईनं पुन्हा ब्र काढायचा नाही. पेला नाही आला, तर कंद गावात वाटून टाकायचे आणि काचघरात चूल मांडायची. तुळजाबाईनंही भंडार उचलला. खंडोबाची या बाबतीत पंचाईत झाली असणार, पण त्यानं तसं दाखवलं नाही.

तर हे तिसरं वर्ष.

त्या वर्षी एका कुंडीला असं फूल धरलं, की हवालदार परसात जाताना वहाणा काढून जायला लागले. ताज्या लोण्याचा रंग, बशीएवढा घेर, पाकळीवर पाकळी. बिगोनियाच्या देठावर फुलं तिघा-तिघांनी येतात. मधलं नराचं, ते थोरलं. दोन बाजूंना दोन माद्या, लहान, साध्या पाकळ्यांच्या. प्रदर्शनाला न्यायचं, तर त्या दोघींना कळीतच खुडतात, म्हणजे सगळा रस मधल्याला. हवालदार चिमटा घेऊन बसले आणि तुळजाबाई दारात येऊन उभी राहिली.

"ह्या दोघींनी काय घोडं मारलंय?"

"त्यांच्यापायी मधल्याला जागा ऱ्हात न्हाई."

"व्हय की. बाप्याला ऐसपैस बसायचंय, तवा बायांनी उठायचं. मला वाटलं, ही रीत आपल्याकडंच हाय. विलायतंत बी हाय म्हणायची."

तोफांपुढं उभे राहिलेले हवालदार चिमटा खिशात घालून उठले. माद्या त्यांनी दुसऱ्या दिवशी खुडल्या, तुळजाबाई नदीवर धुण्याला गेल्यावर.

धक्क्याचा इलाज मात्र त्यांना सुचला नव्हता. तो सुचवला कोंडाबाईनं. ही आणि तिचा नवरा धुळाजी वरच्या वाडीतले धनगर. कुंड्यांसाठी लेंडीखत आणून द्यायचे. धुळाजीनं काचेला नाक लावून आत बघितलं आणि म्हणाला, "हवालदार, ह्यो पाला आमच्या कड्यावं हाय की! हितका गबदूल न्हाई, पर त्योच. आंबट. शेरडं लई आवडीनं खात्यात."

"तुझी शेरडं कुटं हायेत आत्ता?" हवालदारांनी तातडीनं विचारलं.

धुळाजी खोटं बोलत नव्हता. श्रावणात मुळशीच्या ओल्या कड्यांवर बिगोनियाची वीतभर उंचीची चुलत भावंडं फुलतात. पण चुलतभाऊ गरीब असला की नातं सांगायची पद्धत नाही, आणि हवालदारांनी ती पाळली.

"पुन्याला न्यायचं आन् गळाय नगं, येवढंच ना?" कोंडाबाई पाटी उपडी करत म्हणाली. "मग झोळीत घाला. आमची पोरं जल्मल्यापासनं घोड्यावं झोळीतच असत्यात. डोंगर चढतुया, उतरतुया. आजून एक बी गळलं न्हाई."

हवालदार एकवीस वर्षं पलटणीत होते. तिथं तोफा हलवायची शंभर कलमं त्यांनी पाठ केली होती, पण असं सोपं काही कुणी सांगितलं नव्हतं.

भाद्रपदात पाऊस जरा उघडला. प्रदर्शनाच्या दिवशी पहाटेच गाडीला छत चढलं, छताच्या कमानीला तुळजाबाईच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली, आणि झोळीत कुंडी. वरून पातळ धडुतं. आता झोळीला झोका जास्त बसू नये म्हणून दोरी धरून एक माणूस सतत पाहिजे. हवालदार बैल हाकणार. लेकी आपापल्या सासरी. उरलं कोण? म्हणजे ज्या बाईची चूल त्या फुलाच्या गळण्यावर अवलंबून होती, नेमकी तिच्याच हातात दोरी.

हवालदारांना हे कळत नव्हतं असं नाही. कासार आंबोली मागं पडल्यापासून ते दर शंभर पावलांवर मान वळवून बघत होते.

"म्होरं बघा," तुळजाबाई म्हणाली. "दोरी माझ्या हातात हाय, बैल न्हाईत."

भूगावच्या ओढ्यावर बैलांना पाणी दाखवायचं होतं. हवालदारांनी गाडी वडाखाली सोडली, बैल घेऊन खाली गेले. पहिल्या वर्षी फूल गळलं होतं ती जागा त्यांनी आदरानं ओलांडली. परत वर येऊन बघतात तर गाडीभोवती पाच-सहा बाया, आणि मध्ये तुळजाबाईची मावसबहीण लीलाबाई. झोळी दिसली की आत पोर आहे असं समजून बघायला येणं हा बायांचा हक्कच असतो. हसणं-खिदळणं चाललं होतं. तुळजाबाई तेवढी हसत नव्हती. ती झोळीवर धडुतं घट्ट पांघरून राखणदारासारखी बसली होती.

"काय झालं?" हवालदारांनी विचारलं.

"काय न्हाई. हाका."

मग ती लकडी पुलापर्यंत एक शब्द बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला यावरून काहीतरी समजायला हवं होतं. पण हवालदार पुलाच्या विचारात होते. पुलावरून त्यांनी उतरून पायी, कासरा हातात धरून, वरातीतल्या घोड्याच्या चालीनं बैल नेले. पलीकडे गेल्यावर झोळीच्या बुडाला अलगद हात लावून बघितला. फूल गळून पडलं असतं तर बोटांना लागलं असतं. काही लागलं नाही. हवालदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी बैलांच्या शेपटीवर ढकललं.

तंबूत लांबलचक मेज मांडलं होतं, वर पांढरी चादर. मधोमध कर्नल विगिन्सची बिगोनिया बसली होती, लालभडक, ताटलीएवढी, मोटारीतून आलेली. शेजारी कर्नल उभा होता, तोही जवळजवळ त्याच रंगाचा. हवालदारांनी सलाम केला, कुंडी मांडली आणि धडुतं काढलं.

फूल जसंच्या तसं होतं. एक पाकळी हलली नव्हती. आणि खालच्या उजव्या पाकळीवर, माणसाचा गाल असता तर बरोबर गालावर म्हणावं अशा जागी, हरभऱ्याएवढा काळाकुट्ट ठिपका होता.

हवालदारांनी उपरण्याच्या टोकानं तो हळूच पुसायला घेतला. काजळात तूप असतं. हरभऱ्याचा वाटाणा झाला. हवालदार थांबले.

बाहेर गाडीशी तुळजाबाई बैलांना वैरण टाकत होती.

"जितलीस," हवालदार म्हणाले. त्यांचा आवाज बसऱ्यालाही असा झाला नव्हता. "तुला चूल पायजे व्हती, मांड. पर अशी? तोंडाला काळं फासून?"

"कुणाच्या तोंडाला?"

"फुलाच्या! काजळ कुणी लावलं त्याला?"

"मी लावलं," तुळजाबाई म्हणाली. "तीट लावली. तुमी बैलं घेऊन गेलात, आन् ती लीली आली. झोळीत डोकावली. म्हनली, 'अगं बया, काय गं गुटगुटीत!' लीलीची नजर ठावी हाय ना? मागल्या साली आमच्या म्हशीला म्हनली, काय कास हाय! दुसऱ्या दिशी म्हस आटली. गेणबाच्या नव्या भिताडाला बरं म्हनली, त्ये भिताड पडलं."

"त्ये पावसानं पडलं!"

"पाऊस समद्या भिताडांवं पडला. पडलं येकच." तिनं वैरणीची पेंढी खाली टाकली. "आन् आता माझं बी ऐका. तीट लावली न्हाई तर फूल गळंल, फूल गळलं तर पेला जाईल, पेला गेला तर चूल माझी. येवढं कळत व्हतं मला. मला काय बी करायचं नव्हतं. नुसतं गप बसायचं व्हतं. त्ये बी जमलं न्हाई. झोळीत घालून आणलेलं, त्याला कसं बघू देऊ कुणाला बी?"

पलटणीत अशा वेळी सलाम करतात. पण बायकोला सलाम करायची चाल नव्हती, म्हणून हवालदार बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

परीक्षक तिघं होते. अध्यक्षीणबाई एक गोरी मडम, टोपीवर पीस असलेली. दुसरा एक गोरा डॉक्टर. तिसरे सोराबजी वकील, पुण्याचे पारशी गृहस्थ, हातात नियमांचं पुस्तक. कर्नल विगिन्स बोट नाचवत इंग्रजीत काही म्हणत होता, आणि त्यातलं 'नियम अकरावा' एवढं हवालदारांना समजलं.

सोराबजींनी नियम वाचून दाखवला. फुलास रंग लावल्यास ते बाद; कीड अथवा रोग यांवरील औषध लावल्यास हरकत नाही.

"हवालदार," सोराबजी म्हणाले, "हा काला डाग काय हाय? खरा सांगजो हां."

हवालदारांना खोटं बोलता आलं असतं. पण बाहेर गाडीशी जे ऐकलं होतं, त्यानंतर खोटं बोलायला तोंड राहिलं नव्हतं.

"तीट हाय साहेब. नजर लागू नये म्हणून. माझ्या कारभारणीनं लावली."

सोराबजी क्षणभर चष्मा पुसत राहिले. त्यांच्या घरी नातवाच्या गालावर रोज सकाळी काजळाचं बोट लागायचं, आणि ते राहून गेलं तर पहिला आरडाओरडा वकीलसाहेबच करायचे. पण ही गोष्ट कमिटीपुढं मांडण्यासारखी नव्हती. त्यांनी चष्मा चढवला आणि इंग्रजीत निवेदन केलं, की हे या मुलखातलं फार जुनं प्रतिबंधक औषध आहे.

"कशावरचं?" डॉक्टरनं विचारलं.

एका बाधेवरचं, सोराबजी म्हणाले. फार लोक जमून कौतुक करायला लागले की ती होते. धडधाकट फूल पाहता पाहता गळतं. कीड डोळ्यांना दिसत नाही.

जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, हे तो डॉक्टर स्वतःच वीस वर्षं लोकांना ओरडून सांगत आला होता. त्यामुळे त्याला पुढं बोलता येईना. त्यानं भिंग काढून तीट न्याहाळली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

कर्नल मात्र पेटला. अशी बाधाबिधा काही नाही, तो गरजला. असेल तर दाखवा एक तरी फूल!

वातावरण तापलं म्हणून अध्यक्षीणबाईंनी पदाला शोभेल असं केलं. त्या कर्नलच्या बिगोनियाकडे वळल्या, दोन्ही हात छातीशी जोडले आणि म्हणाल्या, की असलं देखणं फूल आपण लंडनच्या प्रदर्शनातही पाहिलं नव्हतं.

टप्.

आवाज तेवढाच झाला. लालभडक फूल चादरीवर उताणं पडलं होतं, आणि कुंडीत नुसता देठ उरला होता, कान धरून उभ्या केलेल्या पोरासारखा.

दारातून डोकावणारी तुळजाबाई चुकचुकली.

"मघाशी सांगितलं असतं तर ह्याला बी लावली असती की! डबी हाय माझ्यापाशी."

सोराबजींनी याचं शब्दशः भाषांतर केलं.

कर्नल सावरून म्हणाला, हा मोटारीच्या धक्क्यांचा परिणाम आहे. त्याचं अगदी बरोबर होतं. कॅम्पातल्या रस्त्यानं त्याची मोटार जी उधळत आली होती, तिच्यापुढं मुळशीची झोळी म्हणजे आईची मांडी. पण खरं बोलायलाही वेळ साधावी लागते.

"बरोबर आहे, कर्नलसाहेब," सोराबजी इंग्रजीत अदबीनं म्हणाले. "मग हवालदार पंधरा मैल बैलगाडीतून आला. त्याचं का नाही गळलं?"

कमिटी तंबूच्या पडद्याआड गेली. पाव तासानं बाहेर आली. तीट हा रंग नसून औषध आहे, असा ठराव दोन मतांनी मंजूर झाला होता. डॉक्टर तटस्थ राहिला होता, पण त्यानं तुळजाबाईची डबी हुंगायला मागून घेतली. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी, गाईचं तूप, कापराची चिमूट, असं सगळं त्यानं वहीत उतरवून घेतलं. चांदीचा पेला हवालदार जयसिंगराव ढमाले, कासार आंबोली, यांना मिळाला. टाळ्या झाल्या. टाळ्या सुरू होताच तुळजाबाईनं पुढं होऊन फुलावर धडुतं टाकलं.

कर्नल विगिन्स वाईट माणूस नव्हता. मंडळी पांगल्यावर तो आपल्या उरलेल्या बिगोनियांची एक कुंडी या काखेत आणि एक त्या काखेत मारून गाडीपाशी आला, आणि तुळजाबाईपुढं दोन्ही खाली ठेवून ओणवा उभा राहिला. तुळजाबाईनं दोन्ही फुलांना एकेक बोट लावलं. मग एकवार कर्नलकडे निरखून बघितलं, आणि त्याला गरज नाही असं ठरवून डबी मिटली.

हवालदार या वेळी गाडीपाशी नव्हते. ते तंबूमागं सोराबजी वकिलांशी काहीतरी बोलत होते. वकील आधी हसले, मग त्यांनी मान डोलावली.

परतीच्या वाटेवर झोळीत फूल आणि तुळजाबाईच्या मांडीवर पेला.

"शपथ ती शपथ," ती भूगाव ओलांडल्यावर म्हणाली. "तुमचं काचघर तुमाला. मी आता ब्र काढायची न्हाई."

आणि तिनं खरोखरच काढला नाही. हे हवालदारांना जड गेलं. पूर्वी ती बोलायची तेव्हा त्यांना कान मिटून घेता यायचे. आता कान उघडे ठेवूनही काही ऐकू यायचं नाही. काळोखात भाकरी थापल्याचा आवाज तेवढा यायचा. गावातली माणसं पेला बघायला यायची, हवालदार दाखवायचे, आणि दाखवताना त्यांचं लक्ष स्वैपाकघराच्या दाराकडे असायचं. लोणीरंगाचं फूल देठावर आणखी बारा दिवस राहिलं. मग तेही गळलं, पण घरच्या घरी, कुणाला दोष न देता.

दसऱ्याच्या आसपास पोस्टातून जाड कागद आला. मराठीत, सोराबजी वकिलांच्या सहीचा. हवालदारांनी ओसरीवर बसून तो मोठ्यानं वाचला. कमिटीच्या सत्तावीस सभासदांना पुढल्या वर्षी फुलांच्या औषधाची एकेक डबी हवी होती. कर्नल विगिन्स यांना तीन. आणि डॉक्टरसाहेबांच्या सूचनेवरून अट अशी, की 'सदर औषध काळोख्या अथवा कोंदट जागी तयार केलेले चालणार नाही. ते स्वच्छ, हवेशीर व भरपूर उजेडाच्या जागी, रोजच्या वापरातील चुलीशेजारी तयार केलेले असावे.'

शेवटचं वाक्य हवालदारांनी दोनदा वाचलं.

तुळजाबाई पदराला हात पुसत दारात आली. "आपल्याकडं तसली जागा कुटं हाय?"

"तेच बघतोय," हवालदार म्हणाले आणि परसाकडे बघायला लागले. "बिगोनियांचं काय, दिवाळी झाली की कंद झोपत्यात. रेताडात पुरून माळ्यावं ठिवायचे. शिमग्यापत्तूर काचघर रिकामंच असतंय. आन् फुटल्यावं बी येका कडंला मावत्याल. म्हंजी, मपली इच्छा न्हाई. पर सरकारी कागद म्हनल्यावं आपलं काय चालतंय?"

तुळजाबाईनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड वाचता येत होतं, आणि ओसरीवर त्यासाठी उजेड भरपूर होता.

"रोजच्या वापरातली चूल," ती म्हणाली. "गोऱ्या डाक्टरला माझ्या चुलीची येवढी काळजी?"

"लई शिकलेला माणूस हाय त्यो."

"व्हय. त्या दिशी तंबूमागं तुमी त्यालाच भेटला व्हता जनू."

"न्हाई," हवालदार प्रामाणिकपणे म्हणाले. "वकिलाला."

दिवाळीच्या पाडव्याला काचघरात चूल पेटली. धूर जायला वरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवल्या. 'थुंकू नये'च्या काचेखाली तुळजाबाईनं पाटा-वरवंटा मांडला आणि पहिली भाकरी तव्यावर टाकून तिच्याकडे नुसती बघत बसली. भाकरी मध्ये फुगते कशी, कडेला पिवळी पडते कशी, हे तिनं तीस वर्षांत असं बघितलंच नव्हतं. त्या नादात ती भाकरी करपली. हवालदारांनी चावून खाल्ली आणि ब्र काढला नाही.

तिसऱ्या दिवशी भूगावहून लीलाबाई आली. काचघराच्या दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, बावीस खिडक्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "अगं बया तुळजे, काय गं लख्ख उजेड तुझ्या घरात!"

तुळजाबाई परातीतला हात धुऊन शांतपणे उठली. तिनं कोनाड्यातली डबी काढली आणि दाराशेजारच्या काचेवर, खाली उजव्या कोपऱ्यात, एक बोट टेकवलं.

हवालदार कोपऱ्यात कंदांवरची माती झटकत बसले होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "पलीकडच्या एकवीस राहिल्यात."